पिठाचा हिशेब : नागली, शेंगदाणा आणि खुरासणी

पिठाकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. राजे झाले, लढाया झाल्या, तह झाले. त्या सगळ्या काळात माणसे काय दळून खात होती याची नोंद बखरकारांनी क्वचितच केली. जाते बाईच्या हाती होते आणि लेखणी पुरुषाच्या हाती, हे त्याचे एक कारण असावे. या व्याख्यानमालेत विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा आम्ही पीठच निवडले. त्याला निमित्त असे. नाशिक शहरातील मोठ्या दुकानांत हल्ली बदामाचे पीठ, नारळाचे पीठ, सोयाबीनचे पीठ अशी निरनिराळी पिठे देखण्या पुड्यांत मिळतात. त्यांत पिष्ट कमी, म्हणून मधुमेह असलेल्यांना ती चांगली, असे वेष्टनावर छापलेले असते. त्याच फळीवर नागलीच्या पिठाचा पुडाही असतो आणि त्याच्यावरही तशीच स्तुती असते. ती नागली पुष्कळदा आमच्या सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून उतरलेली असते. आणि जिथून ती उतरली त्या पाड्यावर जावे, तर चुलीवर रेशनच्या तांदळाचा भात शिजत असतो आणि भिंतीच्या कोनाड्यात साखरेच्या आजाराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात.

हे असे उलटे कसे झाले, हा आमचा आजचा प्रश्न आहे. आहारशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तथापि मजुरीचा हिशेब करता करता पोटाचा हिशेब आपोआप शिकावा लागतो, तेवढ्या अधिकाराने आम्ही बोलत आहोत.

प्रथम आकडे पाहू, म्हणजे पुढचा घोळ टळेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची जुनी कोष्टके प्रसिद्ध आहेत. त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम तांदळात पिष्टमय पदार्थ सुमारे ७८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ६९ आणि नागलीत ७२. म्हणजे या मापाने नागली गव्हाहून हलकी ठरत नाही! नागलीचा मोठेपणा दुसऱ्या गोष्टीत आहे. तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, शंभर ग्रॅमला सुमारे ३४४ मिलिग्रॅम असतो आणि तांदळात जेमतेम दहा. आता खालच्या बाजूला या. हरभऱ्याच्या डाळीत पिष्ट ६०, शेंगदाण्यात २६, तिळात २५, सोयाबीनमध्ये २१, खुरासणीत १७ आणि बदामात दहा-अकरा. प्रथिने मात्र उलट चढत जातात. नागलीत सात, डाळीत एकवीस, खुरासणीत चोवीस, शेंगदाण्यात पंचवीस. बदामात एकवीसच आहेत, म्हणजे प्रथिनांच्या बाबतीत आमची खुरासणी बदामाच्या पुढे आहे. हे दुकानदार सांगत नाही, कारण खुरासणीचे पीठ त्याच्याकडे नसते.

तेव्हा कमी पिष्टाचे पीठ म्हणजे तेलबियांचे आणि कठीण कवचाच्या फळांचे पीठ. त्यांच्यामागे द्विदल धान्यांचे. नागली, वरई, ज्वारी, बाजरी ही धान्ये आहेत आणि धान्य म्हटले की पिष्ट आलेच. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढचा सर्व इतिहास त्याच्यावर उभा आहे.

सुरगाणा हे १९४८ सालापर्यंत लहानसे संस्थान होते. त्या साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि नाशिक जिल्ह्यात आले. गुजरातच्या डांगाला लागून असलेला हा मुलूख डोंगराळ आहे. पाऊस धो धो पडतो आणि लगेच ओढ्यांनी वाहून जातो. त्यामुळे शेत बहुतेक एकपिकी. कोकणा, वारली, महादेव कोळी ही येथील मुख्य वस्ती. खाचरात भात, वरकस उतारावर नागली आणि वरई, आणि त्यांच्या जोडीला उडीद, कुळीथ, खुरासणी. पाऊस सरला की खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी उतार झाकून जातात. हल्ली शहरातील लोक त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी येतात. ती फुले कशाची हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जुन्या ताटात भाकर नागलीची, ती जात्यावर दळलेल्या जाडसर पिठाची. तिच्याबरोबर उडदाची किंवा कुळथाची आमटी, भाजून मिरची-मिठाबरोबर वाटलेली खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाजी, ओढ्यातील मासे आणि खेकडे. म्हणजे पिष्टाची भाकर आणि कमी पिष्टाचे वाटण यांची सांगड येथे पूर्वीपासूनच होती, फक्त तिला शास्त्राचे नाव नव्हते. याचा अर्थ जुना काळ सुखाचा होता असा कोणी काढू नये. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई. मग सावकाराकडून वाढीदिढीने दाणे आणायचे, म्हणजे पेरणीला घेतलेल्या एका पायलीची सुगीला दीड पायली भरायची. चटणीची खुरासणी तर पुष्कळदा घरात राहतच नसे. मीठ आणि कापड यांसाठी ती व्यापाऱ्याच्या तराजूत जाई. पुढे १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय नाशिकला आले आणि खावटी कर्ज सरकारी झाले. भूक थोडी कमी झाली. पण खावटीतसुद्धा मुख्य भर धान्याचाच.

आता थोडे मागे जाऊ. मधुमेहाला कोणते पीठ द्यावे हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन आहे. चरकाने प्रमेहाच्या रोग्याला सातूचे, म्हणजे यवाचे, नाना प्रकार सांगितले. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील प्रमेहाचा अध्याय तर कामगार चळवळीतील माणसाने अवश्य वाचावा. तेथे औषध रोग्याच्या ऐपतीप्रमाणे दिलेले आहे. जो निर्धन आहे त्याने छत्री-जोड्यांवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढून शंभर योजने चालावे. जो फार श्रीमंत आहे त्याने श्यामाक आणि नीवार यांवर राहावे, आवळा-कवठासारखी फळे खावीत आणि रानात हरणांच्या सोबतीने वस्ती करावी. इतरांनी सतत नांगरावे, नाही तर विहीर खणावी. श्यामाक आणि नीवार म्हणजे सांव्यासारखे भरड आणि रानटी धान्य. थोडक्यात, श्रीमंत रोग्याला सुश्रुताने आमच्या डोंगरातील माणसासारखे जगायला सांगितले! याच उताऱ्याच्या शेवटी एक लहानसे वाक्य आहे आणि आमच्या मते ते सर्वांत मोलाचे आहे. रोगी कृश असेल तर त्याला मात्र सदैव जपावे, असे तो म्हणतो. दोन प्रकारचे मधुमेही असतात, एक भरलेला आणि एक वाळलेला, आणि दोघांना एक नियम लावू नये, ही जाण त्या काळी होती. या वाक्याकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

युरोपात हा प्रश्न बऱ्याच उशिरा आणि निराळ्या रीतीने आला. पॅरिसचे डॉक्टर बुशार्दा यांनी १८४० च्या सुमारास रोग्यांसाठी पिष्ट धुऊन काढलेल्या गव्हाच्या चिकाचा, म्हणजे ग्लुटेनचा, पाव पुढे आणला. १८७०-७१ साली जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा दिला, शहरात भाकरीची टंचाई झाली, आणि आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी होत असल्याचे याच बुशार्दांच्या ध्यानात आले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉक्टर पेव्ही यांनी १८६० च्या दशकात बदामाच्या पिठाची बिस्किटे व पाव सुचवले. बदामात थोडी साखर असते, तीही जावी म्हणून त्याची पूड आंबट केलेल्या उकळत्या पाण्याने धुण्याची कृती त्यांनी दिली. नाशिकच्या फळीवरील बदामाच्या पिठाचे कूळ येथवर पोचते. बदामाचा पाव कोणाला परवडत होता हे सांगायला नकोच. त्या काळी मधुमेहावर दुसरे औषधही नव्हते. इन्शुलिन टोरोंटोला १९२१ साली सापडले आणि १९२२ च्या जानेवारीत पहिल्या रोग्याला टोचले गेले. तोवर पथ्य हेच औषध, आणि पथ्य पैशाचे.

आता दुसरी बाजू. ज्या वर्षांत पेव्हीसाहेब श्रीमंतांच्या पावातून पिष्ट काढत होते, त्याच्या थोडे पुढे हिंदुस्थानात सरकारी अंमलदार गरिबाला किती पिष्टावर जिवंत ठेवता येईल याचा प्रयोग करीत होते. १८७६-७८ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असे प्रमाण ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढे धान्य अपुरे आहेच, शिवाय बरोबर डाळ पाहिजे, नुसत्या धान्याने स्नायू टिकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद कागदावर चालू असताना मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी नाकारून काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. आपल्या प्रांतात संपाचा इतिहास लिहिणारे गिरण्यांपासून आरंभ करतात. आमच्या मते एक पौंड धान्याविरुद्धचा हा संप आधी मांडला पाहिजे. मद्रासेत पुढे ते प्रमाण वाढवावे लागले.

डाळीचा प्रश्न मात्र तेथे सुटला नाही. मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ साली छापला गेला. त्यातील निष्कर्ष असा की, कामगार खात असलेले धान्य दुष्काळी कायद्यातील कमाल प्रमाणाइतके आहे, परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जे लिहून दिले आहे त्यापेक्षा कमी आहे. हे एक वाक्य त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वापरले आणि ते योग्यच होते. कैदी आणि कामगार अशी तुलना सरकारच्याच कागदात सापडल्यावर निराळा युक्तिवाद कशाला करायचा?

अशा रीतीने पिठापुढे दोन प्रकारची माणसे उभी राहिली. एकाच्या ताटातून पिष्ट काढायचे होते. दुसऱ्याच्या ताटात पिष्टाशिवाय काहीच नव्हते म्हणून त्यात भर घालायची होती. शोधत शोधत दोघांचेही डॉक्टर एकाच जागी येऊन पोचले: डाळ आणि तेलबी. श्रीमंताच्या वाट्याला बदाम आला आणि गरिबाच्या वाट्याला शेंगदाणा.

शेंगदाणा मूळ दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे तो जहाजांनी आला आणि एकोणिसाव्या शतकात तेलासाठी परदेशीही जाऊ लागला. मार्सेयच्या तेल आणि साबणाच्या कारखान्यांना हिंदुस्थानी शेंगदाणा हवा असे. घाणीत किंवा यंत्रात तेल काढल्यावर मागे राहते ती पेंड. या पेंडीत जवळजवळ निम्मे प्रथिन असते, आणि ती गुरांपुढे, खताला किंवा निर्यातीला जाई. देश अन्नासाठी अमेरिकेकडे पाहत होता आणि इतके प्रथिन शेतात कुजत होते, ही गोष्ट शास्त्रज्ञांना खुपणे स्वाभाविक होते. म्हैसूरला १९५० साली चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. डॉक्टर सुब्रह्मण्यम तिचे पहिले संचालक. अमेरिकेत ‘मील्स फॉर मिलियन्स’ या संस्थेने सोयाबीनपासून बहुपयोगी अन्न बनवले होते. म्हैसूरच्या मंडळींनी त्याचा देशी अवतार केला. पंचाहत्तर भाग स्वच्छ केलेले, तेल काढलेले शेंगदाण्याचे पीठ आणि पंचवीस भाग हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, वर जीवनसत्त्वे आणि चुना. कल्पना उत्तम. रोजच्या पिठात मूठभर मिसळायचे, चव बदलत नाही, किंमत थोडी.

एवढे असूनही ते घराघरांत गेले नाही. एक कारण आमच्या ओळखीचे आहे. जे अन्न फक्त गरिबांसाठी म्हणून वाटले जाते ते गरीबसुद्धा आपण होऊन विकत घेत नाही. १९७२ च्या दुष्काळात कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनवर आलेला लाल मिलो यांच्या आठवणी ज्या घरांत आहेत तेथे हे समजावून सांगावे लागत नाही. सुकडीने पुष्कळ मुले जगली हे सत्य आहे. दुष्काळ सरल्यावर कोणी ती मागितली नाही हेही सत्य आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर होते. १९६० साली इंग्लंडात टर्की पक्षी पटापट मरू लागले, लाखभर मेले. शोध घेतला तेव्हा दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत निघाला. ओलसर साठवणीत शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. ते यकृतावर घाला घालते. भाजल्याने ते पुरते जात नाही. यानंतर शेंगदाण्याच्या पिठाकडे, विशेषतः मुलांच्या आहारात, संशयाने पाहिले जाऊ लागले आणि तपासणीची जरुरी निर्माण झाली. हे केवळ पक्ष्यांचे दुखणे नव्हते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. मका फेकून देण्याची त्यांची ऐपत नव्हती. सुरगाण्यासारख्या पावसाच्या मुलुखात साठवणीची ही गोष्ट कोणी हलकी मानू नये. प्रथिन आहे म्हणून पीठ निर्धोकच असते असे नाही, याचा आणखी एक दाखला मध्य प्रदेशातील रीवा भागात आहे. तेथे जमीनदार वेठबिगारांना मजुरीत लाखेची डाळ देत आणि तिच्यावरच दिवस काढणारी तरणी माणसे पायांनी लुळी होत.

आता सुरगाण्याकडे परत येऊ. गेल्या तीन-चार दशकांत येथील ताट बदलले ते दोन्ही बाजूंनी. एकीकडे नागली-वरईचे कष्ट. राब भाजा, रोपे टाका, भर पावसात आवणी करा, नंतर कापणी, मळणी, आणि वरई तर उखळात सडल्यावाचून तोंडात जात नाही. घरातील तरणी माणसे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरू लागल्यावर हे कष्ट करणार कोण? दुसरीकडे रेशनचे धान्य. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया किलो. २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. हा कायदा भुकेविरुद्धचे मोठे काम आहे, आणि तो मोडू पाहील त्याच्याविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरू. परंतु त्याच्या परिशिष्टात काय लिहिले आहे ते वाचा. तांदूळ, गहू, भरड धान्य. डाळ नाही, तेल नाही, दाणा नाही. कॉर्निशसाहेबांनी १८७७ साली मागितलेली डाळ या यादीत अजून आलेली नाही.

परिणाम डोळ्यांपुढे आहे. बागेत कामाला गेलेल्या बाईच्या फडक्यात दुपारी भात आणि पातळ कालवण असते. खुरासणीची चटणी असते ती बोटावर घेण्याइतकी. पोट भरते आणि दोन तासांनी पुन्हा रिते होते.

आणि आता या ताटावर मधुमेह येऊन बसला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे दहा कोटी दहा लाख माणसांना मधुमेह, आणखी तेरा कोटी साठ लाख त्याच्या उंबरठ्यावर. त्याच पाहणीतून २०२५ साली आहाराचा निष्कर्ष आला तो अधिक बोलका आहे. भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. आणि पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतले, पण पिष्टाचा एकूण वाटा तेवढाच ठेवला, तर धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळींसारखे वनस्पतीजन्य किंवा दुधातले प्रथिन आणले तर दिसतो. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजले, नागलीचे सत्कार झाले. नागलीचा आम्हांला अभिमान आहे. तिच्या चुन्याबद्दल, तिच्या कोंड्याबद्दल, ती कमी खतात आणि उतारावर येते त्याबद्दल तिचा सन्मान व्हावा. परंतु तांदळाच्या जागी तितकीच नागली, तीही गिरणीतून मैद्यासारखी बारीक दळलेली, खाल्ली म्हणजे साखर उतरेल, असे सांगणारा माणूस नागलीचा मित्र नव्हे.

येथे सुश्रुताच्या त्या कृश रोग्याची आठवण होते. १९५५ साली जमैका बेटात डॉक्टरांना निराळाच मधुमेह आढळला. रोगी तरुण, हडकुळा, जन्मापासून अर्धपोटी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला वेगळे स्थान दिले आणि १९९९ साली ते काढूनही टाकले. वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्याच्यावर काम चालू ठेवले आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. ज्यांना हा रोग होतो ती माणसे शहरी दवाखान्यातील तक्त्यावर बसत नाहीत. तो तक्ता म्हणतो : वजन उतरवा, भात सोडा, चालायला जा. ज्याचे वजन आधीच पंचेचाळीस किलो आहे आणि जो दिवसभर बागेत उभा असतो, त्याने काय उतरवायचे? भात सोडला तर त्याच्या ताटात उरते काय? अशा माणसाला पिष्ट कमी करायचे असेल तर त्याच्या दुप्पट तोलाचे दुसरे काही द्यावे लागेल. तेल आणि प्रथिन असलेले पीठ त्याच्याच कामाचे आहे. शहरातील स्थूल गृहस्थापेक्षा त्याची गरज मोठी आहे.

आता सभ्य स्त्रीपुरुषहो, घरी करून पाहण्यासारखा एक हिशेब मांडतो. साठ भाग नागलीचे पीठ, वीस भाग भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट आणि वीस भाग हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. नुसत्या नागलीत पिष्ट ७२ होते, या मिश्रणात ते साठावर येते. प्रथिने सातावरून साडेतेरावर जातात. बदाम लागत नाही. अडचण एवढीच की नागलीला मुळातच गव्हासारखा चिकटपणा नाही आणि दाण्याच्या तेलाने पीठ आणखी सुटते, म्हणून भाकर थापताना फाटते. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढली आणि गरम असतानाच मळली की ती टिकते. डोंगरातील बायकांना हे शिकवायला नको. दाणे आठवड्यापुरतेच कुटावेत, कारण तेल असलेले पीठ लवकर खवट होते. सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट बुरशीचा दाणा निवडून टाकावा, आणि कुबट वास आला तर सगळेच टाकावे. कितीही जिवावर आले तरी. भाकर दोनऐवजी एक खावी आणि त्या जागी कुळथाचे पिठले व खुरासणीची चटणी वाढवावी, नाही तर मिश्रणाचा उपयोग निम्मा. जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. पिष्ट एकाएकी कमी झाले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोक्याइतकी खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

घरात एवढे करता येते, पण त्यासाठी दाणे आणि डाळ घरात असावी लागतात. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१५ पासून अशा क्षेत्रात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत अमृत आहार योजनेखाली जे एक वेळचे जेवण मिळते, त्यात शेंगदाण्याचा लाडू आहे. म्हणजे सरकारला दाण्याचे महत्त्व ठाऊक आहे. मूल दूध सोडते, बाई पुन्हा बागेच्या कामाला लागते, आणि लाडू बंद होतो. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, तेल आणि हरभऱ्याची डाळ एकेक किलो दिली. ती डाळ पाड्यांवर किती आवडीने शिजली हे आम्ही पाहिले आहे. ती सणापुरती होती.

आमच्या मागणीपत्रात आता मजुरीच्या दराखाली एक कलम असते : प्रत्येक शिधापत्रिकेवर महिन्याला दोन किलो डाळ, एक किलो शेंगदाणा किंवा खुरासणी, आणि ती शक्यतो याच तालुक्यातील शेतकऱ्याकडून हमीच्या भावाने घेतलेली. हे कायद्यात कोठे बसते, असे आम्हांला विचारले जाते. त्याच २०१३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात रेशन व्यवस्थेच्या सुधारणांची यादी आहे, आणि वाटल्या जाणाऱ्या वस्तूंत कालांतराने विविधता आणावी असे तीत लिहिलेले आहे. आम्ही ते पान मागणीपत्राला जोडतो.